आईच्या झाडाची फांदी

हनीड्यू, ५ ऑक्टोबर २०२२

चि. रेन हिस, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. या डोंगराआड फोन लागत नाही, आणि लागला तरी झाडाबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही, ही आईची शिस्त माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. आता कायद्याची परवानगी आहे, गांजा शोधणारी पोलिसांची हेलिकॉप्टरं यायची बंद झाली, असं आपला भाऊ ऑरिन दर रविवारी येऊन मला समजावतो. मी मान डोलावते आणि कागद पुढे ओढते.

आईचं झाड आजारी आहे गं. उन्हाळ्यापासून खुरटलं. फांद्या हात लावला की मोडतात, पानं बारीक झाली, कळ्यांना चीक धरत नाही. कलमं करून पाहिली. नदीकाठच्या वाळुंजाच्या काड्या भिजवलेलं पाणी, गाठीखाली तिरपा काप, वर झाकण, मंद दिवा, सगळं आई करायची तसंच. एकाही फांदीला मूळ फुटलं नाही. झाकणाखालीच देठ काळे पडतात.

लॉइडचं तर बघवत नाही. जंगलात मोठं झाड पाडताना पाठ मोडली तेव्हापासून त्याचे पाय आखडतात, ते या एका झाडाच्या तेलानेच सुटतात. दुकानातलं तेल आणलं, तर दिवसभर ओकला आणि मला ओळखेना. लोक म्हणतात, बी पेर. पण गांजाच्या बीतून पोर निघतं, कसंही. फांदीतून मात्र तेच झाड पुन्हा उभं राहतं. मला पोर नको, तेच झाड हवं. तेल बाटलीच्या तळाला लागलंय.

ऑरिनकडचं, आईच्याच फांदीतून वाढवलेलं झाड वादळात वीज जाऊन दिवे बंद पडले तेव्हा गेलं. आता जगात तुझं एकच उरलं. एप्रिलमध्ये मी आले तेव्हा काय माजलं होतं ते! तुला मेलीला कात्रीसुद्धा धड धरता येत नाही, म्हणून मीच बसून आईच्या कात्रीने सबंध छाटून दिलं. इतक्या वर्षांचा आपला अबोला त्या दुपारी संपला. तर आता चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून ये. लॉइड म्हणतो, रेनला येताना तिच्या हातची पीचची गोड पाई आण म्हणावं; टॅन्सी, तुझ्या हातची खाऊन मी आणखी कुठे मोडेन.

वाट पाहते. लोभ आहेच, तो सुकू देऊ नकोस.

तुझी,
टॅन्सी

*

युकाया, ११ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. चार काय, चाळीस फांद्या आणते. भावोजींना सांग, पाई करून आणीन, पण बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्याला तुकडा छोटाच मिळेल.

माझं झाड सध्या जरा रुसल्यासारखं दिसतंय. पानं लहान आलीत. मला वाटलं, मीच पाणी जास्त घातलं असेल. माझ्या हाताचा गुण तुला ठाऊकच आहे. इथल्या रोपवाटिकेतली बाई म्हणाली की हल्ली झाडांत एक न दिसणारा रोग फिरतोय, तेव्हा नेण्याआधी पान तपासून घ्या. तिच्याकडे पान दिलंय. उत्तर आलं की निघालेच. तोवर भावोजींचे पाय गरम पाण्याने शेकत राहा आणि स्वतःही दोन घास खात जा.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
रेन

*

हनीड्यू, २२ ऑक्टोबर

चि. रेन हिस, अ. आ.

तपासण्या कसल्या करतेस? आईने कधी पान तपासलं होतं का? ती नुसती बघून सांगायची. तेल संपलं. लॉइड ओठ चावून पडून राहतो. मी खोलीत आले की हसल्यासारखं करतो, ते तर मला मुळीच सोसत नाही. काल म्हणाला, टॅन्सी, तू बाहेर जा, मला जरा ओरडायचंय. मी अंगणात जाऊन उभी राहिले. बाई गं, मी किती वेळ उभी राहू?

तुझं झाड रुसलेलं असू दे, मरतुकडं असू दे, त्याची एक हिरवी फांदी दे. पुढचं मी बघते. एवढी लाज तू राख.

तुझीच,
टॅन्सी

*

युकाया, २८ ऑक्टोबर

चि. ऑरिन यास, अ. आ.

हे पत्र वाचून जाळून टाक. ताईच्या घरी चुकूनही नेऊ नकोस.

माझ्या झाडालाही तोच रोग निघाला. मुळापासून शेंड्यापर्यंत. ती बाई म्हणाली, याच्या कुठल्याही फांदीतून निरोगी झाड उठणार नाही, त्याचं तेलही कामाचं नाही. मी विचारलं, हा आला कुठून? तर म्हणाली, वाऱ्याने येत नाही, पात्यावरून येतो. आजारी झाड कापून तीच कात्री दुसऱ्याला लावली की झालं. मग मला एप्रिल आठवला. ताईने हिवाळ्यात कुणाकडून तरी कौतुकाने नवीन जातीची फांदी आणली होती आणि आईच्याच कात्रीने कापली होती; तीच रोगट असणार. त्याच कात्रीने तिने स्वतःचं झाड छाटलं, आणि मग इथे येऊन माझं. माझ्याकडचं तोवर ठणठणीत होतं रे. किती मायेने बसली होती! एकेक पान कुरवाळत होती आणि मला अडाणी म्हणत होती.

हे मी तिला कसं सांगू? भावोजींची पाठ मोडली त्या दिवशी पाडायच्या झाडाला बांधलेल्या दोराचं टोक ताईच्या हातात होतं. त्यानंतर वर्षभर ती हात कोटाच्या खिशात लपवून हिंडायची, जेवायला बसतानासुद्धा, ते तू पाहिलंयस. आता त्यांचं औषधही तिच्याच हाताने गेलं हे कळलं तर ती उठायची नाही. आणि भावोजींना उचलणारं तिच्याशिवाय कोण आहे?

मी तिला खोटं लिहिते आहे. ती मला शिव्या देईल, तेव्हा तूही दोन दे. तुला माझ्या गळ्याची शपथ, माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी अभागी बहीण,
रेन

*

युकाया, २८ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. झाड नाही, ताई. शेजारी वासाची कटकट करायचे, मलाही दिवे-पाणी सांभाळण्याचा कंटाळा आला, म्हणून उन्हाळ्यातच उपटून टाकलं. तुझं पत्र आलं तेव्हा तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून आणते म्हणाले आणि तपासणीची थाप मारली. फांदी कुठून तरी मिळेल, असं वाटलं होतं. मिळाली नाही.

क्षमा मागण्याची माझी योग्यता नाही. भावोजींना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

रेन

*

हनीड्यू, ९ नोव्हेंबर

रेन,

तुझं पत्र लॉइडला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरीची काही अडचण असेल, तिला बोलू नकोस. अशा माणसाचं तू वाटोळं केलंस. आता त्याला दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत. दुखतं कमी, पण डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहतो आणि मला आई समजतो. ऑरिन आला होता. त्यानेही तुला नाही नाही ते म्हटलं आणि मग भिंतीकडे तोंड करून रडला. तुझ्यासाठी नसेल.

शेजाऱ्यांना वास येत होता म्हणे! आईने त्या झाडासाठी तुरुंग पाहिला. वास येत होता.

माझ्या झाडाचं खोड आज उपटलं. उपटताना वाटलं होतं की मी कोसळेन. नाही कोसळले. दोराचं टोक सुटलं ते माझ्या हातून, हे मी नाकारत नाही. पण झाड माझ्या हातून गेलं नाही. मी ते शेवटच्या पानापर्यंत जपलं, आणि तुझंही जपून दिलं होतं. हे दोन हात निदान त्या बाबतीत स्वच्छ आहेत, म्हणून मी सकाळी उठते आणि त्याच हातांनी लॉइडला उचलते. एवढं एक नसतं, तर मी कधीच नदीत गेले असते.

उत्तर पाठवू नकोस.

टॅन्सी