परत तोंड दाखवू नकोस

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज कॅल्गरीत बसून तुझ्याशी भांडतोय. हॉटेलच्या किचनमध्ये मन लागलं नाही, गोदामात लागलं नाही, आता बेघर लोकांच्या शेल्टरमध्ये दारावर असतो. शाळा का सोडली हे इथे कुणी विचारत नाही. येणारे बहुतेक तेच तेच. दारू सुटते, खोली मिळते, दारू लागते, खोली जाते, परत दारात. तुझ्या सरकारी दवाखान्यासारखंच. तू तिथली आया, सगळ्यांची मावशी. पिऊन पोट फुगलेले तेच गडी पुन्हा पुन्हा भरती व्हायचे, तू त्यांची घाण काढायचीस आणि घरी सोडताना दम भरायचीस, "परत इथं तोंड दाखवलंस तर बघ." ते हात जोडून हसायचे. एकजण तर म्हणाला होता, मावशी, एवढं हक्कानं माझी बायकोपण बोलत नाही. मला वाटायचं, निरोप असाच देतात.

इथे एक म्हातारा यायचा, तेलाच्या विहिरींवर राबून पाठ गेलेला. मला बडी म्हणायचा. इथे चहा गार होऊ नये म्हणून किटलीला लोकरीची टोपी घालतात; माझी लोकरीची टोपी बघून रोज विचारायचा, आज किटली उघडीच ठेवून आलास का. गेल्या हिवाळ्याआधी त्याला खोली मिळाली, आम्ही केक कापला. पिशवी उचलून तो निघाला तेव्हा मला काही सुचेना, आणि तुझंच वाक्य इंग्रजीत बाहेर पडलं. इथे परत तोंड दाखवू नकोस. तो हसला नाही. मान हलवून गेला.

खोली गेली, दारू लागली, पण तो आमच्याकडे आला नाही. एका पार्किंगच्या जिन्याखाली झोपत राहिला. थंडीनं पायाची बोटं काळी पडली, कापावी लागली. हॉस्पिटलात जाऊन मी विचारलं, आला का नाहीस. तो म्हणाला, "तूच नको म्हणालास, बडी." मी सॉरी म्हटलं. त्यानं टीव्हीकडे तोंड फिरवलं.

आता काठी टेकत येतो. पण आधी बाहेर कुणाला तरी विचारतो, दारावर मी आहे का. असलो तर तसल्या थंडीतही मागे फिरतो. म्हणून त्याच्या जेवायच्या वेळेला मी बेसमेंटमध्ये चादरी धुवायला जातो. वरून काठीचा आवाज आला की कळतं, आज तरी आत झोपेल.

तुझा राग आला, आई. तुझे गडी हसायचे. हा कागद कुठे धाडायचा नाहीच, पण रागावायला दुसरं कोण आहे मला? एकदा वर जाऊन त्याला सांगायला हवं, की आमच्याकडे जीव लागलेल्या माणसालाच असं बोलतात. सुपरव्हायझरही तेच म्हणते. तिला मी सांगतो, माझं इंग्रजी कमी पडतं.

तेवढं इंग्रजी येतं मला.