मागच्या गाडीचा ब्रेक

२ मार्च १९८६, रविवार

मोटरहोम, आमचं चाकांवरचं घर, परत आली. सहा महिने बॉडी शॉपमध्ये होती. दादारावभाऊजींनी चालवत आणली, ड्राइव्हवेच्या बर्फात लावली, हॉर्न दिला. पुढचं सगळं नवं – बंपर, काच, दिवे. कुठे काय झालं होतं ते ओळखू येत नाही. मी शोधत होते.

ईश्वर बाहेर आला नाही. "आली का?" एवढंच.

मोटरहोम आमची आणि दादाराव-राधाची, अर्धी-अर्धी. चौघंही नागपूरचे, इथे शिकागोजवळ नेपरव्हिलमध्येही तीन मैलांवर राहतो. उन्हाळ्यात पाळीपाळीनं न्यायची असं ठरलं होतं. गेल्या वर्षी पहिली पाळी आमची होती.

५ मार्च

एकदा लिहून टाकावं. इतक्या महिन्यांत या वहीत लिहिलेलं नाही.

१० ऑगस्ट. साउथ डकोटा, डोंगरातला लांब उतार. ईश्वर चालवत होता, मी शेजारी, लेक उत्तरा मागे झोपलेली. मोटरहोमच्या मागे टो-बारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, आमची छोटी गाडी – चारही चाकांवर, न्यूट्रलमध्ये, आत कोणी नाही. म्हणजे तिचा ब्रेक दाबणारंही कोणी नाही. उताराच्या तळाशी लाल सिग्नल. पुढे एक पांढरी गाडी उभी. आम्ही थांबत होतो, पण थांबलो नाही.

पांढऱ्या गाडीत मिसेस केलर. वय सदुसष्ट. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. अजून वॉकर घेऊन चालतात. नाताळात त्यांचं कार्ड आलं – तुमच्या मिस्टरांना सांगा, माझ्या मनात राग नाही. ईश्वरनं पाकीट फोडलं नव्हतं. मी फोडलं.

पोलिसाला ईश्वर म्हणाला, माझा पाय उशिरा पडला. मग पोलिसानं मला विचारलं. मी म्हटलं, मी नकाशा बघत होते.

मी नकाशा बघत नव्हते. त्याच्या पायाकडे बघत होते. पाय वेळेवर पडला होता, वळणावर चर्चची पाटी आहे तिथेच. पेडल तळाला टेकलं होतं आणि एकवीसशे पौंडांची गाडी मागून ढकलत होती.

तेव्हापासून ईश्वर गाडी चालवत नाही. स्टेशनवर चालत जातो, ट्रेननं शिकागो, ट्रेननं परत. शून्याखाली दहा असलं तरी चालत.

९ मार्च

दादाराव-राधा चहाला आले. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत मोटरहोम ते नेणार, पोरांना घेऊन. मागे त्यांची गाडी बांधून.

"मागच्या गाडीला ब्रेक न लावता?" मी विचारलं.

"वहिनी, तीन हजार पौंडांच्या खाली कायदा ब्रेक मागत नाही. मी विचारून घेतलं."

"साउथ डकोटातही मागत नव्हता."

भाऊजी हसले. "बरं, निवडा तुम्ही. फाइल आहेच न तुमच्याकडे. फक्त यंदाच्या मेमोरियल डेपर्यंत हं, पुढच्या नाही!"

"अहो, काय बोलता!" राधा.

ईश्वर कपबशा उचलून आत गेला.

फाइल. ब्रेक निवडायचं काम गेल्या वर्षी मी मागून घेतलं होतं. मार्चमध्ये सुरुवात केली. ऑगस्टमध्ये निघालो तेव्हा फाइल दोन इंच जाड झाली होती आणि ब्रेक नव्हता. हे चौघांनाही माहीत आहे. कोणी बोलत नाही, कारण ईश्वरनं सांगून ठेवलंय ना – त्याचा पाय!

१५ मार्च

फाइल काढली. अक्षर माझंच, तीन रंगांच्या शाईत.

एक प्रकार धक्क्यावर चालतो. मोटरहोम हळू झाली की मागची गाडी पुढे सरकते, टो-बार दबतो, आणि त्या दाबानंच एक केबल तिचं ब्रेक पेडल ओढते. साधी गोष्ट. पण लांब उतारावर पेडल सारखं दाबलेलं राहतं, ब्रेक तापतात – समासात मी दोनदा अधोरेखित केलंय. दुसरा प्रकार नळीचा. मोटरहोमच्याच ब्रेकमधून नळी मागे न्यायची. ताकद चांगली. पण नळी गळली तर दोन्ही गाड्यांचे ब्रेक जातील. हे दोन्ही प्रकार बनवणाऱ्या ओहायोच्या कंपनीला पत्र लिहून विचारलं होतं, असं किती वेळा झालंय? त्यांचं उत्तर – आमच्या माहितीत नाही. माझं पुढचं पत्र – म्हणजे झालं नाही, की माहिती ठेवली नाही? याचंही उत्तर आलं होतं बिचाऱ्यांचं. तिसरा प्रकार म्हणजे स्वतःचे ब्रेक असलेली दोन चाकांची ट्रॉली, गाडीची पुढची चाकं तिच्यावर चढवायची. मग कॅम्पवर ती ट्रॉली ठेवायची कुठे, यावर चार पानं.

लॅबमध्ये तीन रीडिंग्ज जुळल्याशिवाय मी औषधाची बॅच पास करत नाही. अठरा वर्षांत एकही परत आली नाही. म्हणून मला वाटलं, इथेही तसंच. तिन्हींपैकी कुठलाही असता तरी आम्ही सिग्नलला थांबलो असतो. कुठलाही.

वाटलं होतं हे वाचताना रडू येईल. आलं नाही. भूक लागली. टोस्ट खाल्ला.

२२ मार्च

तिन्ही ब्रेकच्या गुणदोषांचा तक्ता पुन्हा केला. गेल्या वर्षीसारखाच आला, तिन्ही बरोबरीत.

१३ एप्रिल, रविवार

दादारावच्या बेसमेंटमध्ये जयंती. बारा-तेरा घरं. या वर्षी पंचशील मी म्हणायचं होतं, बाकीच्यांनी मागून. मुसावादा वेरमणी – खोटं बोलणार नाही. आवाज नीट लागला. राधा नंतर म्हणालीसुद्धा, "ताई, किती स्पष्ट म्हणता तुम्ही!"

मग जेवणाच्या रांगेत तिनं हळूच विचारलं, "एक विचारू? ईश्वरभाऊजींना त्या दिवशी डुलकी लागली होती का? हे म्हणतात, ईश्वर एवढा सावध माणूस..."

"नाही."

"मग?"

"मला काय माहीत. मी नकाशा बघत होते."

मधे वीस मिनिटंही गेली नसतील. घड्याळ बघितलं मी. बघायची काय गरज होती?

२९ एप्रिल

साउथ डकोटातल्या आमच्या वकिलाचं पत्र. सोबत फॉर्म. ईश्वरनं निष्काळजीपणा मान्य करून सही करायची, फॉर्म तेवीस मेच्या आत पोचवायचा. लायसन्स एक वर्ष बंद, नावावर नोंद कायमची, केस संपली. शेवटी एक ओळ – ब्रेकमध्ये किंवा जोडणीत काही कारण असेल तर आत्ता कळवा, सहीनंतर उपयोग नाही.

ती ओळ मी ईश्वरला मोठ्यानं वाचून दाखवली.

"तसं काही नव्हतं," तो म्हणाला.

"तू इंजिनिअर आहेस."

"म्हणूनच सांगतोय. पाय उशिरा पडला." आणि टीव्हीवरचं हवामान बघायला लागला.

तेव्हाच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं माझ्याकडे. त्यातला एक शब्द बरोबर वाटेना.

४ मे

उत्तराला लर्नर्स परमिट मिळालं. "आई, विल यू टीच मी? डॅड वोन्ट."

शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. मी सारखी ब्रेक, ब्रेक म्हणत होते. "आय नो व्हेअर द ब्रेक इज, आई!" मग हसली. चांगली चालवते. बापासारखे हात.

परत येताना म्हणाली, "यू नो व्हॉट्स वीअर्ड? डॅड ते फूटचं सेम वर्ड्समध्ये सांगतो. एव्हरी टाइम. लाइक ही प्रॅक्टिस्ड इट."

मी म्हटलं, सिग्नल बघ.

११ मे

वकिलाला पत्र लिहितेय. नवऱ्याचा पाय वेळेवर पडला, मी पाहिलं, मागच्या गाडीला ब्रेक नव्हता कारण तो निवडायचं काम माझं होतं. चौथा खर्डा. पहिल्यात 'विसरले' लिहिलं होतं – खोटं, विसरले नव्हते. दुसऱ्यात 'वेळ मिळाला नाही' – खोटं, पाच महिने होते. तिसऱ्यात 'ठरवता आलं नाही' – हे खरं, पण वाचणाऱ्याला दया येईल असं आहे. दया यावी म्हणून लिहिलं की खरं म्हणून?

म्हणजे फाइलचं झालं तेच पत्राचं होतंय. कळतंय मला. कळण्याचा उपयोग होत नाही.

१७ मे, शनिवार

भाऊजींचा फोन. "वहिनी, पुढच्या शनिवारी पहाटे निघणार आहोत. सोमवारी ऑर्डर गेली नाही तर मी तसाच जातो. रागावू नका."

"तसं जायचं नाही."

"मग सांगा न कोणता!"

"धक्क्याचा," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

तोंडातून निघून गेलं. त्यांची पोरं मागच्या बाकावर पाय वर घेऊन पत्ते खेळतात, ते डोळ्यांसमोर आलं, बस. उतारावर ब्रेक तापले तर थांबून गार करायचे. एवढंच तर होतं! पूर्वीही एवढंच होतं.

ईश्वर अंगणात गवत कापत होता. त्याला सांगायला गेले, मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

फॉर्म ड्रॉवरमध्ये नाही. त्यानं घेतला असेल. सोमवारी ऑर्डर देते आणि संध्याकाळी त्याला सगळं सांगते – पाय, नकाशा, सगळं. खर्डा नको, तोंडी.

१९ मे, सोमवार

लंच ब्रेकमध्ये ओहायोला फोन केला. बाई चांगली होती. मॉडेल सांगितलं, शुक्रवारच्या आत येईल का विचारलं. येईल म्हणाली. पत्ता सांगितला. कागद उलटल्याचा आवाज.

"मॅम, तुम्हाला दुसरा हवाय का?"

"दुसरा कसला?"

"या पत्त्यावर एक गेलाय. हेच मॉडेल. गेल्या वर्षी बावीस जुलैला पाठवला. मिस्टर गजभियेंनी सही करून घेतलाय."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. तिनं पुन्हा वाचलं. तारीख, पत्ता, ई. गजभिये.

बावीस जुलै. आम्ही तीन ऑगस्टला निघालो.

दुपारच्या रीडिंग्ज दोनदा चुकल्या. घरी येऊन गराज शोधलं. माळ्यावर, जुन्या खिडक्यांच्या मागे खोका. टेप लावलेली तशीच. ईश्वरला उशीर होणार होता, आला तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं. तेही लिहून ठेवते.

२० मे

खोका जेवणाच्या टेबलावर ठेवला. ईश्वर आला, बघितलं, कोट न काढता उभा राहिला.

"तुझी फाइल पुरी होऊ दे म्हणून थांबलो होतो," म्हणाला. "आधीच जोडला असता तर तुला वाटलं असतं, तुझ्यावर माझा भरवसा नाही."

मी म्हटलं, तुझा पाय वेळेवर पडला होता. मी बघत होते.

"हो."

सही केलेला फॉर्म त्याच्या कोटाच्या खिशात होता, पाकिटात, टपालाचं तिकीट लावून. मी हात पुढे केला. त्यानं दिला.