चोवीस तास उत्तर सांगायचं नाही

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि दुसऱ्या मजल्यावर हक्काची खोली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन ‘सापडलं का?’ ग्रुपवर कोडी टाकून जगाचे डोळे शिणवायचे, असा एकूण बेत आहे. मागच्या खिडकीतून परसातलं भंगार दिसतं: मोडक्या खुर्च्या, डबे, शिडी, निळी ताडपत्री. दुसरी कुणी असती तर नाक मुरडलं असतं. मला तर खजिनाच मिळाला!

तळमजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, घड्याळं दुरुस्त करतात. माझी बॅग त्यांनीच जिन्यापर्यंत ओढत आणली. थंडीमुळे डाव्या हातात बोटं कापलेला करडा लोकरी मोजा घालतात. उजव्यात घातला तर स्क्रू सुटतो म्हणे.

६ तारीख, गुरुवार

ग्रुपवर आज बटणांच्या ढिगातला वाटाणा टाकला. एकाने लिहिलं, वाटाणा सापडला, आता भात टाका. आम्ही असलेच पाणचट आहोत. नियम मात्र एकच आणि कडक: चोवीस तास उत्तर सांगायचं नाही. सांगेल त्याची प्रतिक्रिया उडवायची.

फोटो आजोबांना दाखवला. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चार सेकंदांत वाटाण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, पोरी, हे बाळबोध झालं, जरा अवघड आण की! मी चिडले, पण खूशही झाले.

८ तारीख, शनिवार

मला ग्रुपची ॲडमिन केलंय. आता उडवाउडवीचे अधिकार माझ्याकडे! कॉलर ताठ.

९ तारीख, रविवार

सुट्टी. सकाळी परसात शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीमागे कपड्यांचा पिवळा चिमटा लावला. येताना आजोबांना सांगितलं, आजचं कोडं परसात आहे. ते म्हणाले, मग फोटो कशाला, जागेवरच शोधतो.

चार वाजता खिडकीतून फोटो काढला. शिडी आडवी पडली होती. वाऱ्याने असेल. चिमटा आणखीच अवघड झाला, माझा फायदाच. तासाभरात चारशे प्रतिक्रिया! कुणीतरी विचारलं, ताडपत्रीखालून हात कुणाचा आलाय? मी लिहिलं, हात सापडला तर दोन गुण जादा. लोक हसून लोळले. एकाने तर हाताला नाव ठेवलं, हातोबा.

ग्रुपवरची निवृत्त नर्सताई मात्र नेहमीप्रमाणे गंभीर. म्हणे हा खरा हात आहे, नखं निळी पडलीत, सगळं सोडा आणि आत्ताच्या आत्ता खाली जा. मी प्रतिक्रिया उडवली. नियम म्हणजे नियम. तिने पुन्हा लिहिलं, तेव्हा तिलाच ग्रुपबाहेर काढलं. उद्या घेईन परत.

मोजाच असेल, वाळत टाकलेला. उद्या चारनंतर बघेन. आत्ता काही हलवलं तर कोडं बिघडेल.

१० तारीख, सोमवार

आज मीटर बघणारा परसात गेला आणि ओरडत बाहेर आला.

आजोबा ताडपत्रीखाली होते. शिडीवरून पडताना ताडपत्री अंगावर ओढली गेली. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

पहाटेपर्यंत. मी काल चार वाजता फोटो काढला.

खरं लिहिते, निदान इथे तरी. मी फोटो मोठा करून पाहिला होता. मोजा ओळखला होता. मोज्यातली बोटंही दिसली होती. पण प्रतिक्रिया वाढत होत्या आणि मला मजा येत होती.

११ तारीख, मंगळवार

त्यांची मुलगी आली. दारोदार विचारत होती, माझ्या बाबांना कुणी पाहिलं होतं का, कुणाला काही ऐकू आलं का. माझ्या दारात आली तेव्हा मी म्हणाले, माझी मागची खिडकी बंदच असते. तिने माझे आभार मानले.

फोटो काढून टाकला. नर्सताईला निरोप पाठवला. जात नाही. तिने मला ब्लॉक केलंय.

१३ तारीख, गुरुवार

गप्प बसले तर लोक विचारतील, म्हणून दुकानातल्या फ्रेम्सचा फोटो टाकला. त्यात एक काचच नसलेली फ्रेम. पहिलीच प्रतिक्रिया: फ्रेम सापडली, आणि वा, हातोबा परत!

मला काही दिसेना. कुठला हात? दुकानाच्या मालकीणबाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, अगं, कपाटाच्या कडेला हा कुणाचा हात? आणि घरातला फाटका मोजा दुकानात कशाला घालतेस?

मी माझे डोळे तपासले. शेवटची ओळसुद्धा स्वच्छ वाचता येते.

१४ तारीख, शुक्रवार

मुलगी पुन्हा आली. बाबांचं भिंग मला देऊन गेली. म्हणाली, बाबा फोनवर तुमचंच कौतुक करायचे, वरच्या पोरीची कोडी म्हणजे माझं औषध आहे म्हणायचे. रविवारी चारच्या गाडीने ती जाणार आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा घेणार का विचारलं.

१५ तारीख, शनिवार

चार वाजता माझ्याच टेबलाचा फोटो टाकला. ही रोजनिशी, पेन, माझा हात. काहीही लपवलं नाही. विचारलं, तो दिसतो का?

सगळ्यांना दिसतो. बापरे, किती जवळ, लिहितात. हसतात. कुठे, ते सांगत नाहीत. चोवीस तास.

विनवण्या केल्या. हे कोडं नाही, खरंच सांगा, म्हणून लिहिलं. दुसऱ्या ॲडमिनने माझी प्रतिक्रिया उडवली.

नर्सताईने सांगितलं असतं.

१६ तारीख, रविवार

तीन वाजून दहा. भिंग लावून फोटो पाहते आहे. टेबल. रोजनिशी. माझा हात. नाही दिसत —

टेबलाखाली नाही. पाठीमागे नाही. पुन्हा पाहिलं —

तीन पस्तीस. खाली ती कुलूप लावते आहे. आत्ता खिडकीतून हाक मारली तर थांबेल. सांगायचं. सगळं सांगायचं. शब्द चुकू नयेत म्हणून आधी लिहून —

तुमच्या बाबांना मी पाहिलं होतं. ते जिवंत होते. मला सांगितलं होतं एकीने, मी तिला —

पेन धरलेला हात गार पडलाय. बोटांवर काहीतरी टोचतंय, लोकरीसारखं —

ती फाटकापाशी आहे. उठायचंय, पण हात सोड —