जयंतीची गाडी

२६ जानेवारी १९९४, बुधवार
गाडी आली! काशीगावच्या भंगारवाल्याकडून टेम्पोला दोर बांधून ओढत आणली. जीप. अस्सल मिलिटरी. भंगारवाल्याने पोराबाळांची शप्पथ घेऊन सांगितलं की ही बर्माच्या लढाईत होती. डाव्या पत्र्याला गोळीचं भोक आहे. बोट घालून पाहिलं. अंगावर काटा आला.

बी विंगच्या बाजूच्या बोळात लावली. इकडे भिंत, तिकडे कंपाऊंड. माप घेऊन ठेवल्यासारखी बसली.

अण्णा गॅलरीत उभे होते. सोळा वर्षं पलटणीत ड्रायव्हर. वाटलं, बाप खूश होईल. एवढंच म्हणाले, कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख काल होती. आणि आत गेले. भावना दाबायची मिलिटरीची सवय.

(कॉलेजचा विषय संपलेला आहे. ज्या कॉलेजात मास्तर सगळ्यांसमोर जर्नल फेकतो तिथे मी परत पाय ठेवणार नाही. मीही त्यांच्यावर जर्नल फेकलं, ते वेगळं.)

तिसऱ्या मजल्यावरून राजश्रीने खाली बघितलं. दोन सेकंद. तीन असतील.

संकल्प : चौदा एप्रिलला मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर माझ्या जीपवर. स्टिअरिंगवर मी. शेजारी राजश्री, पांढऱ्या साडीत. मुक्ताकाकू, म्हणजे तिची आई, डोळ्यांनी बघणार. मग मागणी घालायला वेगळं जायची गरजच नाही.

३० जानेवारी, रविवार
जयंती मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून जाहीर केलं. टाळ्या. फक्त सदूने विचारलं, चालू होईल ना रे पण? सदू टँकर चालवतो, आमच्या बिल्डिंगला पाणी तोच आणतो. टँकरवाल्याला व्हिंटेजमधलं काय कळणार. कॉलर धरणार होतो. समोर तसबीर होती म्हणून सोडला.

चारही चाकं काढली. गाडी विटांवर. आता माघार नाही.

१ फेब्रुवारी, मंगळवार
कटकट. जमिनीतली टाकी बिल्डिंगच्या मागे आहे आणि टँकरची वाट माझ्याच बोळातून. सदूने पाच मिनिटं हॉर्न वाजवला. शेवटी टँकर गेटवर उभा केला. पाइप टाकीपर्यंत पुरत नाही. टाकी रिकामी म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे नळ कोरडे. लोक गेटवरून हंडे-बादल्या भरून जिने चढले. व्यायाम होतो.

सेक्रेटरी गुणवंतभाई आले. म्हणाले, जीवनभाई, गाडी थोडी बाजूला घ्या ने, बायका माणसं हैराण होते. मी शांतपणे सांगितलं, ही जयंतीची गाडी आहे. झालं. गुणवंतभाईंनी हात जोडले आणि गेले. या वाक्यापुढे कोणी बोलत नाही. लक्षात ठेवायचं.

१३ फेब्रुवारी, रविवार
उत्तनहून कॅजिटन अंकलना बोलावलं. मच्छीवाल्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात केस पिकले. अर्धा तास खाली वाकून बघितलं, मग हात पुसत म्हणाले, पोरा, ब्लॉकला तडा हाय. हिच्यात पानी थांबायचं न्हाय. इंजिन एका गाडीचं, एक्सल दुसरीचं, गिअरबॉक्स कोनाचा ता देवालाच म्हाईत. गोळीचं भोक दाखवलं तर हसायलाच लागले. गोली कसली? एरियल लावाला कोनी डिरील मारलंय.

बोटीवाला माणूस. जमिनीवरच्या गाडीचा अंदाज चुकणारच. तडा एपॉक्सीने बुजवला. भोक ठेवलं.

२० फेब्रुवारी, रविवार
आज बोलली!! जिन्याखाली. कमरेवर भरलेला हंडा. म्हणाली, जीवन, हा जरा वर नेशील का? आईची कंबर धरलीय, मला अभ्यासाला बसायचंय. (बँकेची परीक्षा आहे तिची, दहा एप्रिलला.) माझे हात ग्रीसने भरलेले. स्वच्छ हंड्याला कसा लावणार? म्हटलं, थांब, तुला एक गंमत सांगतो. आणि कार्बुरेटर समजावला. फ्लोट, जेट, सगळं. पूर्ण चार मिनिटं ऐकत होती, जागची हलली नाही. अशी मुलगी लाखात एक. शेवटी सांगितलं, चौदा तारखेनंतर तुला पायी चालावं लागणार नाही. लाजली असावी. हंडा घेऊन वर गेली.

५ मार्च, शनिवार
ऑलिव्ह ग्रीन रंग पूर्ण. बॉनेटवर पांढरा तारा. एक टोक मोठं आलंय, लांबून कळत नाही.

रेडिएटरमध्ये पहिल्यांदा पाणी भरलं. दोन बादल्या. तासाभरात खाली डबकं. परत एपॉक्सी, परत दोन बादल्या. परत डबकं. आई ओरडली, प्यायचं पाणी आहे ते! दुसरी बादली अण्णांच्या आंघोळीची होती. अण्णा आंघोळ न करता कामावर गेले. त्याग करायला बाप कधी मागे हटत नाही.

२१ मार्च, सोमवार
अण्णा महाडहून परत आले. दरवर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावर जातात, एकदाही चुकवलं नाही. पिशवी न ठेवताच सरळ बोळात आले. शेजारच्या बायका हंडे घेऊन जात होत्या. त्या जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, माझा बाप तिथं ओंजळभर पाण्यासाठी डोक्यावर काठी खाऊन आला होता. आणि तू बाबासाहेबांचंच नाव पुढं करून लोकांचं पाणी अडवतोस. पलटणीत पहिल्या दिवशी शिकवतात, गाडी दुसऱ्याच्या वाटेत लावायची नाही.

प्रवासाने थकले होते. मी उलट बोललो नाही. म्हणजे बोललो, पण आवाज चढवला नाही. म्हणजे चढवला, पण शिवी दिली नाही.

तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. डिस्टर्बन्स कमी झाला.

२ एप्रिल, शनिवार
चाकं बसवली. गुणवंतभाई लगेच हजर. म्हणे, आता ढकलून बाहेर काढू या, जीवनभाई, दहा मिनिटांचं काम. मी सांगितलं, इंजिनचं टायमिंग सेट केलंय, गाडी केसभर हलली तर दोन महिने फुकट. हात लावेल त्याचा हात मोडीन. त्यांच्या भाच्याने तोंड वेडंवाकडं केलं म्हणून त्याला भिंतीला लावला. जास्त नाही.

महत्त्वाचं : चार दिवस बघतोय, राजश्री दोन हंडे भरून आणते. एक जिन्याखाली ठेवते, दुसरा घेऊन वर जाते. तो पहिला नेमका माझ्या जीपपासून पाच पावलांवर. एवढी जागा सोडून इथेच का? मी काही बावळट नाही.

९ एप्रिल, शनिवार. दुपारी चार
चालू झाली!!!
अकरा सेकंद. घड्याळ लावून. हँडल मारलं आणि सगळा बोळ थरथरला, काळा धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत. मग रेडिएटर कोरडा पडून बंद. घरातलं पाणी संपलेलं. जिन्याखाली तिचा हंडा होताच. निम्मा ओतला. तिने नाही म्हटलं नसतं, ठेवलाच होता ना.
पाच दिवस हातात आहेत. भरपूर.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
मुक्ताकाकू पडल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.
राजश्री हंडा न्यायला खाली आली तेव्हा तो निम्माच होता. तोच वर नेला. उद्या तिची परीक्षा, म्हणून काकूंनी तिला पुस्तक घेऊन बसवलं आणि स्वतः कळशी घेऊन खाली उतरल्या. असं जिन्यात बायका बोलत होत्या. बायका काहीही बोलतात.

मी नेतो म्हणालो. गाडी आहे ना घरची! काकूंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. हँडल मारलं. मारलं की गाडी हलायची, गाडी हलली की काकू किंचाळायच्या. राजश्री आईचं डोकं धरून बसली होती. म्हणाली, जीवन, बस. म्हटलं, एकदाच. परत म्हणाली, जीवन, पाया पडते, बस. चौदा वेळा मारलं. पंधराव्याला अण्णांनी माझ्या हातातून हँडल काढून घेतलं.

सदूचा टँकर गेटवर होता. त्याने आणि अण्णांनी काकूंना फळीवर घेऊन केबिनच्या लांब सीटवर झोपवलं. भाईंदरला नेलं.

माझ्याकडे अजून दोन मिनिटं असती तर चालू झाली असती. दुपारी झाली होती.

१० एप्रिल, रविवार
खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणाले, दोन महिने अंथरूण, आणि जिना आता कायमचा विसरा.
परीक्षा दहा वाजता होती. राजश्री हॉस्पिटलातच होती. बँकेच्या परीक्षा परत येतात. दरवर्षी येत असाव्यात.

सकाळी सोसायटीने गाडी हलवली. एकोणीस माणसं. पाच मिनिटं. नाल्याजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. पुढच्या बंपरला अण्णा होते. मी गॅलरीतून ओरडलो, टायमिंग! कोणी वर बघितलं नाही.

सदूने टँकर रिव्हर्स घेतला, टाकी भरली, पंप चालू. बिल्डिंगभर आरडाओरडा, आलं आलं. अडीच महिन्यांनी नळ. राजश्रीकडचा नळ उघडाच राहिला होता. घराला कुलूप. दाराच्या फटीतून पाणी आलं, एकेक पायरी उतरत माझ्या पायापर्यंत. बंद करायला कोणी नव्हतं.

१४ एप्रिल, गुरुवार
तसबीर सदूच्या टँकरवर. धुऊनपुसून, निळे झेंडे, झेंडूच्या माळा. मागच्या नळाला पोरं ओंजळी लावून पीत होती. पुढे अण्णा, पांढऱ्या सदऱ्यात.

मी मिरवणूक जीपमध्ये बसून बघितली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मंडळाच्या एकाला सांगितलं, बुद्धपौर्णिमेला नक्की. तो बरं म्हणाला, बघत मात्र पलीकडे होता. अण्णांनी मान वळवली नाही. सदूने दोनदा हॉर्न दिला. टोमणा मारतो म्हणून उतरलो, चपला काढून हातात घेतल्या. त्याने हात हलवला, ये म्हणून. टोमणा नव्हता.
गेलो नाही. चपला घातल्या.

२४ एप्रिल, रविवार
राजश्री सामान न्यायला आली. बदलापूरला मामाकडे चाललेत. तळमजला आहे. काकू टेम्पोत पुढे, मांडीखाली दोन उशा.

काय काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, बुद्धपौर्णिमेला गाडी तयार. तिने एकच विचारलं. त्या दिवशी हंड्यातलं पाणी तू घेतलंस? म्हटलं, इंजिन अकरा सेकंद चाललं, राजश्री. अकरा. ती म्हणाली, बरं.

टेम्पो गेल्यावर बघतो तर हंडा जिन्याखाली. विसरली? ती विसरणाऱ्यांतली नाही. कोणी आपली वस्तू अशी मागे ठेवतं ते परत यायला.
हंडा चिंचेने घासून ठेवलाय.

१५ मे, रविवार
जीपचे टायर गेले. बॅटरीही. बॉनेटवर कोणीतरी गोधड्या वाळत घातल्यात. फेकणार होतो. अजून ओल्या होत्या, राहू दिल्या.

पंप जळलाय. परत सगळे गेटवर. सकाळी वर बघितलं तर तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी. आली! धावत जाऊन हंडा काढला, सदूच्या टँकरवर रांग लावली, भरला, निघालो. हात साबणाने धुतले होते.

चौपन्न पायऱ्या. तीनदा थांबलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हात बदलावाच लागतो, तेव्हा पाणी सांडतं आणि पाय ओल्या पायरीवर पडतो.

दार एका अनोळखी बाईने उघडलं. मागे न उघडलेली खोकी. म्हणाली, पानीवाले हो? अच्छा हुआ. अंदर पीप में डाल दो, और कल से दो हंडे लाना, जल्दी आना.
ओतलं. हो म्हणालो.

उतरताना आठवत होतो. इतके महिने राजश्रीला वर जाताना बघितलं, भरला हंडा घेऊन ती कधी थांबलेली दिसली नाही. एकदाच थांबली होती. चार मिनिटं. मी कार्बुरेटर समजावत होतो.