गटाचा ईशान्य कोपरा

११ नोव्हेंबर
अविनाशला जाऊन पाच महिने झाले. सकाळी लेकीचा पुण्याहून फोन. "आई, जेवतेस ना नीट?" हो म्हणाले. हो म्हटलं की ती लवकर ठेवते.
दुपारी कॉलेजात, आमच्या भूगर्भशास्त्र विभागात, एक बाई आल्या. मुक्ताबाई. शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावाच्या सरपंच, दोन वर्षांपासून. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी पिवळट. वास.
"विहिरीचं हाय. बायांचे हात फुटायलेत धुणं धुऊन. दोन म्हशी गाभडल्या. त्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यानं मागच्या गटात काय पुरलंय का, ते तुमच्या मशीननं बघून द्या."
ती जमीन, तो गट, मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी एका तक्रारीवरून मीच तपासला होता. त्यांना ते माहीत नाही. मी बोलले नाही.
शुक्रवारी येते म्हणाले.

१४ नोव्हेंबर
वाघमारेंना घेऊन गेले. वीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत आहेत, मशीन त्यांच्या हातात नीट चालतं. मॅग्नेटोमीटर धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. त्यांनी पट्टा, किल्ल्या, खिळ्यांचे बूट काढले. मी अविनाशचं घड्याळ काढून जीपच्या सीटवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत आठवलंच नाही.
मशीन घेऊन दर मीटरला एक रेघ चालायची. मागच्या वेळी दहा मीटरला एक घेतली होती.
बारापर्यंत तीन बाजू झाल्या. काही नाही. खाली काळा दगड आहे, आकडे थोडे हलतात तेवढेच. मग ईशान्य कोपरा. तिथं दगडांच्या ओळी, बाभळी, आणि एक म्हातारा आडवा आला. हुसेनचाचा. बाजूचं शेत त्यांचं.
"मॅडम, इथं कबरी हायत. आमच्या लोकायच्या, जुन्या. मशीन नका आणू."
मागच्या वेळी कारखान्याच्या सुपरवायझरनं हेच सांगितलं होतं. मी मागे फिरले होते. मे महिना होता, साडेदहा वाजले होते. ऊन होतं. दुसरं कारण नाही.
चाचांना सांगितलं, खणणार नाही, टोचणार नाही, नुसतं वरून चालायचं. खाली लोखंड असलं की आकडा उडतो.
"कबरीत लोखंड कशाला असंल?"
"नसतं."
"मग चला."
चपला काढून पुढे चालले. कुठे पाय द्यायचा, कुठे नाही, हातानं दाखवत. वाघमारे त्यांच्या मागे.
सातव्या रेघेवर आकडा उडाला. वाघमारे थांबले, मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा उडाला. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी वहीत लिहून घेतलं.

१५ नोव्हेंबर
आज मातीतून वीज सोडून मोजलं. सळया रोवायच्या म्हणून चाचांची परवानगी. "वीतभरच ना?" वीतभरच. जमिनीत बघणारं रडार आणलंच नव्हतं, काळी माती ते गिळून टाकते.
वाघमारेंनी केबल पसरली. मी छत्री घेऊन बसले. चाचा शेजारी येऊन उकिडवे बसले. न विचारता सांगू लागले.
"माझी पोरगी हाय इथं. शबाना. दीड सालाची होती. एकेचाळीस वर्षं झाली."
दगड लावला नव्हता का?
"लहान लेकराला कोण लावतं? लिंबाच्या झाडापासून पावलं मोजली होती. रस्ता रुंद केला, लिंब गेला."
आता कुठे उभं राहायचं ते कळत नाही, म्हणून जुम्म्याला कडेला उभं राहून साऱ्यांसाठीच दुवा मागतात.
तिकडून वाघमारेंनी आकडा सांगितला, तो लिहिला.

१८ नोव्हेंबर
नकाशा तयार. दिवसभर कॉम्प्युटरपुढे. जेवले बहुतेक.
कबरी दिसतात. उत्तर-दक्षिण, लांबट. एकदा उकरलेली माती जास्त ओल धरते, तेवढ्यावरून. दोन रांगा. काही मोठ्या, काही हाताएवढ्या.
आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेत, दोन-अडीच मीटर खाली, लोखंडाचा ढीग. पिंपं असणार. तिथून एक पट्टा निघतो, उताराकडे, मातीत क्षार आणि रसायन मुरल्यासारखा. खालच्या रांगेखालून जातो आणि विहिरीपाशी संपतो.
वाघमारे नकाशावर वाकले. "जागा बरोबर शोधली मॅडम. कबरी कोण उकरणार?"
मग हळूच, "मागच्या टायमाला आपण हा कोपरा..."
त्या वेळीही केबल त्यांनीच ओढली होती.
घरी येऊन जुन्या अहवालाची प्रत शोधली. 'संपूर्ण गटाची तपासणी केली. आक्षेपार्ह काही आढळले नाही.' खाली माझी सही.
संपूर्ण.

२१ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीत वाघमारेंनी नकाशा भिंतीला लावला. मुक्ताबाई, पाच-सहा जण, चाचा आणि त्यांच्या जमातीतले दोघं वडीलधारे. पिंपं काढायची तर खालच्या रांगेतल्या निदान तीन कबरी उघडाव्या लागतील, हे सांगितलं.
मुक्ताबाई म्हणाल्या, "चाचा, तुम्ही नाय म्हणलात तर मी रेटणार नाय. दुसरं काय तरी बघू."
चाचा उठून नकाशापाशी गेले. रसायनाचा तो निळा पट्टा बोटानं वरून खाली गिरवला.
"हे पाण्यात गेलं. मधी कबरी हायत. मंग माझी पोरगी ह्याच्यातच हाय का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. खालच्या रांगेत असेल तर, असं म्हणता आलं असतं. लहान कबरी सगळ्या खालच्याच रांगेत आहेत.
"हो," म्हणाले.
ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. त्या दोघांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. मग मला म्हणाले, "काढा. दिवसा काढा. अन् आमच्या हातानं उचलू, मशीननं नाय."
परत येताना वाघमारे जीपमध्ये रडले. मी रस्ता बघत होते.

२६ नोव्हेंबर
तहसिलात मुक्ताबाई, मी. साहेबांनी अर्ज वाचला, फाईल मागवली.
"खोदायची परवानगी कशी देऊ? हा गट स्वच्छ असल्याचा अहवाल आहे की. तक्रार तेव्हाच निकाली निघाली." फाईल माझ्याकडे फिरवली. "सही तुमचीच दिसते, मॅडम."
मुक्ताबाईंनी वाकून सही बघितली. मग माझ्याकडे.
बाहेर आल्यावर त्या एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागल्या. सोडते म्हणाले, जीप आहे. "नगं," म्हणाल्या.

२७ नोव्हें.
प्राचार्यांना भेटले. जुना अहवाल चुकीचा होता असं लेखी देते म्हणाले.
"चुकीचा की अपुरा?"
"खोटा. कोपरा तपासला नव्हता, संपूर्ण लिहिलं."
दार लावून घेतलं त्यांनी. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, दोनच वर्षं राहिलीत, वरून तुमच्या घरी हे असं झालेलं. अपुरा लिहा. शब्द मऊ ठेवा.
चांगला माणूस आहे. अविनाशच्या वेळी रोज दवाखान्यात येत होता.
संध्याकाळी लिहायला बसले. अपुरा लिहिलं. खोडलं.
एक पानाचं झालं. उद्या टपालानं नाही, तहसिलात हातानं देणार.

२८ नोव्हें.
दिलं. पोच घेतली. कारकुनानं न वाचता शिक्का मारला.

२९ नोव्हेंबर
गावात गेले. एकटीच. मुक्ताबाईंच्या ओसरीवर चाचाही होते. मी उभ्यानंच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आले होते, त्या कोपऱ्यात गेले नव्हते, गेले असं लिहिलं. आता तसं लेखी दिलं आहे.
मुक्ताबाई तांदूळ निवडत होत्या. सूप थांबलं.
"सहा वर्षं हेच पाणी पेलो आम्ही, मॅडम."
"हो."
"माझी सून दोनदा..." सूप पुन्हा सुरू.
बसा म्हणाल्या नाहीत. मी उभीच होते. माफ करा म्हणायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी त्याचं त्यांनी काय करायचं.
चाचा फाटकापर्यंत आले. "तवा मशीन आणली असती तर मी आडवाच आलो असतो," म्हणाले. मला हलकं करायला म्हणाले की खरंच, कळलं नाही.

२ डिसेंबर
खोदायचा आदेश अजून नाही. कॉलेजातून नोटीस आली, सात दिवसांत खुलासा. वाघमारेंनी विचारलं, "खुलाशात माझंही नाव घालता का?" नको म्हणाले. लेकीला सांगितलं. म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी तुला हेच करायला सांगितलं असतं." असेल. मला त्याचा आवाज आठवून बघावासा वाटला. नाही आठवला.

५ डिसेंबर
चाचांचा निरोप आला म्हणून गेले. कोपऱ्यात एकटेच होते. आदेश येईल न येईल, पण आला तर तीन कबरी उघडणार, त्या आधीच ठरवायच्यात म्हणाले. नकाशा घेऊन मी त्यांना जागा दाखवल्या, चुन्यानं खुणा केल्या. शेवटच्या दोन अगदी शेजारी-शेजारी, दोन्ही लहान.
"ह्यातली माझी कंची?"
"चाचा, मशीनला तेवढं कळत नाही. लहान आहे एवढंच कळतं."
"मशीनला नाय इचारलं."
दोन खुणांमध्ये हातभराचं अंतर. एकीकडे बोट दाखवलं असतं तर त्यांनी मानलं असतं. तिथंच बसले असते, जन्मभर. चुन्याचा डबा माझ्या हातात होता.
"तुमाला काय वाटतं?"
मला माहीत नाही, असं म्हणाले. ते दोन्ही खुणांच्या मधे जमिनीवर बसले. मीही बसले.