बाईसाहेब कुठून आल्या

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन बाहेरच्या खोलीत आणि बाबाही बाहेरच्या खोलीत. त्यांना आपण मारलेली हाक ऐकू येत नाही, पण त्यांच्याविषयी कुजबुजलेलं बरोबर ऐकू येतं. म्हणून प्राणिसंग्रहालयाच्या कोठीत, गाजरांच्या पोत्यावर बसून लिहितोय.

बातमी अशी, की आपल्या बाईसाहेबांना इथून हलवायचं ठरलंय. नव्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या टेप लावून पिंजरा मोजला. वीस फूट बाय बारा. मग मला विचारलं, या गिबनच्या हातांवरचे केस कशाने गेले? म्हटलं, स्वतःच उपटते. कधीपासून, म्हणाल्या. ताई, रोज दोनदा मी तिला खायला घालतो, आणि मला सांगता येईना.

तुझ्या घरापासून दोन तासांवर जे मोठं प्राणी-उद्यान आहे, तिथे तळ्यातल्या बेटावर दाट झाडी आहे आणि एक म्हातारा गिबन आहे. त्याची जोडीदारीण मेल्यापासून एकटाच. तिथे हिला पाठवायचं. कागद मंजूर झालेत, अडलंय ते बाबांपाशी. बाईसाहेब प्रवासाच्या पेटीत पाऊल ठेवत नाहीत, आणि या वयात भूल द्यायला डॉक्टरीणबाई धजत नाहीत. ती ऐकते फक्त बाबांचं. इथल्या रखवालदारीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी ती गाणं सुरू करते आणि बाबा काठी टेकत जाऊन खालच्या सुरात तिला साथ देतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, हे माझ्या हातून करवून घेऊ नका, आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

तूच त्यांना लिही. पिंजऱ्यांविरुद्ध भाषण ठोकून कॉलेजात कप आणणारी तू! त्यावर बाबांनी महिनाभर अबोला धरला होता, पण तो कप रोज तेच पुसायचे, हे तुला माहीत नसेल.

भाचरांना गालगुच्चे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला अजून कोठीचा वास होता. शिक्षकखोलीत तपासायच्या वह्यांच्या ढिगावर ठेवून वाचलं, आणि मग एकही वही तपासून झाली नाही.

आठवतं का, ती आली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि मी तेरा? पिंजरा तयार होईपर्यंत आठ महिने ती आपल्या दोन खोल्यांत राहिली. आई तिला चमच्याने दूध पाजायची आणि ती आईची वेणी सोडायची नाही. माझ्या गळ्याला ते लांबलचक हात घालून बसली, की मी तशीच बीजगणित सोडवायचे. तुझ्या भूगोलाच्या पुस्तकातली नद्यांची पानं तिने खाल्ली, आणि गुरुजींना तू हे सांगितल्यावर त्यांनी तुला थापाड्या म्हणून बाकावर उभं केलं! पुढे ती पिंजऱ्यात गेली, तरी आपल्या मागच्या खिडकीतून तिचं गाणं यायचं. त्या घरात गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही.

बाबांना लगेच लिहायला बसले. तीन पानं लिहिली आणि फाडली. खरं सांगू? तिने जाऊ नये असं मला वाटतं. दोन वर्षांतून एकदा मी माहेरी येते, ती खिडकी उघडते, आणि तो आवाज मला तिथेच हवा असतो. जशी काही माझं लहानपण सांभाळायला तिला तिथे ठेवलीय. कप आणणाऱ्या मुलीला हे वाटावं, याची लाज वाटते रे.

दरवर्षी वर्गात मी तिची गोष्ट सांगते. वादळात झाड पडलं, आई गेली, पिलू उरलं, आणि माझ्या बाबांनी त्याला घरी आणलं. मुलं टाळ्या वाजवतात. पुढची एकोणचाळीस वर्षं ती एकटी होती, एवढं मात्र मी सांगत नाही.

तेव्हा बाबांना उपदेश करायचं तोंड मला नाही. हेच पत्र त्यांना दे. चष्मा पुसून दे, नाहीतर अक्षराला नावं ठेवतील.

जिवाला जप.

तुझी
ताई


२ मार्च

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्याने तुझं पत्र दिलं. चष्मा पुसूनही अक्षर वाईटच आहे.

मोठे, वादळ झालं नव्हतं.

मी तिला घ्यायला स्टेशनच्या मालधक्क्यावर गेलो होतो. प्राण्यांच्या व्यापाऱ्याच्या माणसाने फळांची एक पेटी उघडली. आत दोन पिलं होती. एक मेलेलं होतं, आणि दुसरं त्याला घट्ट धरून बसलं होतं. ते दुसरं म्हणजे ही. त्या वेळच्या डॉक्टरांनी हिच्या मांडीतून दोन छर्रे काढले. मी त्या माणसाला विचारलं, तर तो सहज बोलून गेला, की आई जिवंत असेतो पिलू सोडत नाही, म्हणून आधी तिला गोळी घालून झाडावरून पाडावं लागतं. मी पावतीवर सही केली. घेतली नसती तर ती पेटीतच मेली असती, अशी मी मनाची समजूत घातली. ते खरंही असेल. तुम्हाला मात्र वादळ सांगितलं. तुझ्या आईलासुद्धा.

पुढच्या वर्षी प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी तिच्यासाठी जोडीदार मागवायचं काढलं. तो कसा येणार, हे आता मला कळलं होतं. मी साहेबांना सांगितलं, की ही जात दोघांना एकत्र ठेवलं तर एकमेकांना फाडते. साफ खोटं. रानात ही माकडं जोडीने संसार करतात, सकाळी दोघं मिळून गातात. साहेबांनी विश्वास ठेवला, कारण त्याआधी मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. कुठल्या तरी रानातली एक आई त्यामुळे वाचली असेल. पण ही जन्मभर एकटी राहिली, तीही त्यामुळेच. म्हणून मी साथ द्यायला शिकलो. लोक म्हणायचे, केवढा जीव लावलाय! मला ते ऐकवत नसे.

तिथे ती रमली, तर मी तिचं काय हिरावून घेतलं ते मला डोळ्यांनी दिसेल. नाही रमली, तर उतारवयात तिचे हाल. यामुळे नाही म्हणत होतो. दोन्हीकडून माझाच विचार चालला होता.

उद्यापासून पेटी पिंजऱ्याला जोडून ठेवायला सांगितली आहे. आधी मी आत बसेन. धाकटा म्हणतो, गुडघ्यांना झेपणार नाही. गुडघ्यांना विचारतंय कोण?

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझे
बाबा


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईसाहेब पोचल्या. सांगतो सगळं.

बाबा तेवीस दिवस रोज सकाळी त्या पेटीत वाकून बसले, हातात द्राक्षांचा घड. डॉक्टरीणबाईंनी उशी दिली, ती परत केली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप मागून घेतली. नवव्या दिवशी बाईसाहेबांनी आत हात घातला. सोळाव्या दिवशी त्या आत येऊन बाबांशेजारी बसल्या. तेविसाव्या दिवशी बाबा मागच्या दाराने बाहेर आले आणि पुढची झडप त्यांनी स्वतःच पाडली. ती ओरडली नाही. जाळीतून तिने बाबांचं बोट धरलं. ते सोडवायला बाबांना बराच वेळ लागला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो.

ट्रकमधून अकरा तास मी तिच्यासोबत होतो. तिने काही खाल्लं नाही. तिथे गेल्यावरही नऊ दिवस खोलीबाहेर आली नाही. मी घरी परतून बाबांना सांगत होतो, की मजेत खातेय. बाबा म्हणाले, खोटं बोलायला या घरात मी एकटा पुरेसा आहे. दहाव्या दिवशी ती झाडावर चढली. म्हाताऱ्याने आधी तिला हाकललं, कानाला चावाही घेतला. आता म्हणे दोघं एकाच फांदीवर बसतात, मधे हातभर अंतर ठेवून.

रिकाम्या पिंजऱ्यात नवा प्राणी आणायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी वरिष्ठांना लिहून दिलंय, आणि ते मान्य झालंय. पुढच्या महिन्यात पाडतील. तोवर बाबा रोज सकाळी जाऊन तो झाडून काढतात. तिला बघायला जायचं त्यांच्या मनात आहे, पण तोंडाने म्हणणार नाहीत. तू बोलाव.

तुमची सगळ्यांची खुशाली कळव. आमच्यावर नजर असू दे.

तुझा
धाकटा


२३ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा अजून पंधरा दिवस माझ्याकडे राहणार आहेत. जेवण बरं आहे, गुडघे कुरकुरताहेत, नातवंडांना शिस्त लावणं चालू आहे. काळजी नसावी.

रविवारी उद्यानात जाऊन आलो. कठड्यापासून बेट बरंच लांब आहे. बाबांनीच आधी ओळखलं, वरच्या फांदीवर ती. नऊ वाजता म्हाताऱ्याने सुरुवात केली आणि तिने त्याच्या वरचा सूर लावला. धाकट्या, ते गाणं मी जन्मभर अर्धंच ऐकत आले होते. मला रडू आवरेना. बाबा ओठ घट्ट मिटून उभे होते. तिथला रखवालदार भला माणूस. द्राक्षं दाखवून तिला खाली बोलवू का, म्हणाला. बाबांनी नको म्हटलं, आत्ता तिचं काम चाललंय.

एकदा तिने आमच्या दिशेला पाहिलं. बाबा म्हणतात, ओळखलं. मला काही सांगता येत नाही.

शेजारी एक मुलगी आईबरोबर उभी होती. ही माकडीण कुठून आली, असं तिने आईला विचारलं. आईला माहीत नव्हतं, तेव्हा बाबांनी सांगितलं. मालधक्का, पेटी, छर्रे, सही, सगळं, मला लिहिलं होतं तसंच, काही न वगळता. मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिलं, की यांना थांबवा. मी थांबवलं नाही.

मुलीने विचारलं, जिला मारलं ती आई केवढी होती? हा प्रश्न बाबांना कुणी कधी विचारलाच नसेल. ते बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले, पहिलंच पिलू असेल तर नऊ-दहा वर्षांची. मुलगी त्याच वयाची असावी. आई दोनदा चल म्हणाली, तरी ती तिथेच उभी राहिली. बाबांनी कठड्यावरची काठी बाजूला घेतली आणि तिला नीट दिसावं म्हणून जागा करून दिली.

आज याहून जास्त लिहवत नाही. आहेस तसाच राहा, आणि पत्र पाठव.

तुझी
ताई