निळ्या पेटीतल्या पुडीचा लेखी खुलासा

गागोदे बुद्रुक, ता. पेण
शनिवार

चि. ऋतुजास पुंडलिकमामाचे अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र तुझ्या रोह्याच्या प्रयोगशाळेतले साहेब वाचत असतील तर त्यांना साष्टांग नमस्कार. (वाचत नसतील तरी नमस्कार परत घेत नाही, असू दे.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा होता तसाच आहे आणि तुझ्या मामीचा आवाजही. तू वेळेवर जेवतेस का, ते कळव.

पत्रास कारण की, पपईत कोळंबी कशी आली याचा लेखी खुलासा सोमवारपर्यंत हवा, नाहीतर वर्षभराची तपासणी रद्द आणि तुझी नेमणूकही पुढे चालायची नाही, असं तुमच्या मिथुन ड्रायव्हरने सांगितलं. तू मात्र त्यातलं अवाक्षर काढलं नाहीस. फोनवर नुसतं विचारलंस, "मामा, पेटीत पपईखेरीज काही होतं का हो?" आणि मी "छे" म्हणालो. त्या "छे"ची आधी माफी मागतो.

साहेब, मुळापासून सांगतो. माझ्या परड्यात पपईची चाळीस झाडं होती. विषाणूने पानं आखडली, फळांवर वलयं उठली आणि दोन वर्षांत सहा झाडं उरली. म्हणून तो रोग न लागणारी पपई तुमच्या जाळीबंद घरात वाढते आहे हे ऐकून मी देवापुढे नारळ फोडला. ती खाण्याजोगी आहे का हे ठरवायला तिची साखर, जीवनसत्त्वं, चीक सगळं साध्या पपईशी ताडून बघतात, आणि ती साधी पपई माझी! (जन्मात पहिल्यांदाच माझ्याकडचं काहीतरी माप म्हणून धरलं गेलं.) मामीला आधी धास्तीच होती. त्या पपईत विषाणूचाच तुकडा घातलाय, खाऊन आपल्या अंगावर वलयं उठली तर? ऋतू, तू तिला फोनवर तासभर समजावलंस. लहानपणी आमच्या दंडावर लस टोचून देवी काढल्या तसंच हे झाडाचं, रोगट पपईतून तो विषाणू आपण कधीचाच खातोय आणि माणसाला तो लागत नाही, तरीही पुरती तपासल्याशिवाय ती कुणाच्या ताटात जाणार नाही. आता गावातल्या बायकांना मामीच समजावते, दंड उघडा करून.

आता पेटीचं. मिथुन महिन्याला निळी पेटी आणतो, तळाला बर्फ, सोबत सूचनांचा कागद. कागद मला पाठ आहे: फळं पुसून घ्या, नंबराची चिठ्ठी लावा, कशावरही कुणाचं नाव घालू नका. दुसरं काही ठेवू नका असं त्यात कुठेही नाही. (विद्वान माणसांना ते लिहायची गरज वाटली नसावी.) आणि आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं, डबा, पिशवी रिकामी परत जात नाही. पपया तर तुमच्याच कामाच्या, त्या धरायच्या नाहीत. तेव्हा या खेपेला तुझ्या मामीने पपयांखाली जवळ्याची पुडी ठेवली. जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी, पेणच्या बाजारातली, एक नंबर. सूचनेप्रमाणे पुडीवर नाव घातलं नाही. पुढे वडखळला गाडी तीन तास अडकली, बर्फाचं पाणी झालं, पुडी भिजली आणि त्या खाऱ्या पाण्यात एक पिकली पपई फुटली. मिथुनने पुडी पाहिली आणि आपल्यासाठीच असावी असं समजून घरी नेली. (चव चांगली होती म्हणाला.) पाणी मात्र मागे राहिलं. मग अहवाल आला: नवी पपई निर्धोक, साधी मात्र खारट, आणि कोळंबी सोसत नाही अशा माणसाने तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये अशी. माझी पपई!

आणि तू काय केलंस? "नमुना स्वीकारताना माझी नजर चुकली" असं लिहून दिलंस, मामाचं नाव कुठेही न घेता. मिथुनने हे सांगितलं आणि मी कागद घेऊन बसलो. पोरी, तुझे उपकार मी कसे फेडू? साहेब, चूक तिची नाही, आमच्या घराची आहे. याच पेटीत नवी फळं पाठवतो आहे, पुन्हा तपासा. आत फक्त पपया आहेत. दोनदा पाहिलं.

तुझा,
पुंडलिकमामा

ता.क. पुडी मामीने नाही, मी ठेवली. पत्र वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "माझं नाव कशाला घालता? मी ठेवली नाय. खरं काय हाय ते लिवा." म्हणून लिहिलं.

ता.क. २. (हे साहेबांनी वाचू नये.) तुझी आई गेल्याला तीन वर्षं झाली. दर मे महिन्यात ती माहेराहून निघायची तेव्हा तिची पिशवी मी जवळ्याने भरायचो. ती गेली आणि या घरातून रोह्याला नमुन्याच्या पपयांखेरीज काही गेलं नाही. तू आली नाहीस, मीही बोलावलं नाही. तुला पाहिलं की ती आठवेल, ही भीती मलाच होती. मग या मे महिन्यातही ती पेटी आली, तुझ्या अक्षरातला कागद घेऊन. नुसत्या पपया घालून झाकण लावायला हात होईना. नमुना न्यायला नातेवाइकाने येऊ नये हा तुमचा नियम मला मान्य आहे. तेव्हा नमुना न्यायला येऊ नकोस. जेवायला ये.

ता.क. ३. येताना पिशवी आण. रिकामी.